घडीवाला काय म्हणाला?

“मॅडम, अकेले के लिए शो नहीं चलता,” तिकीट खिडकीतला माणूस म्हणाला. “पाच तरी जमवा, मग मशीन चालू करतो.”

गोंदियातलं जुनं टॉकीज, शुक्रवारची दुपार. लागलेला सिनेमा होता वरातीला जायला साफ नकार देणाऱ्या एका घोड्याचा. नाच नाही, मारामारी नाही, ओळखीचा हिरो नाही. असे सिनेमे आमच्याकडे शुक्रवारी येतात आणि शनिवारी पोस्टरसकट गायब होतात. आणि मला नेमके तेच बघायचे असतात! मी रचना, राहणार गोंदियाजवळचं फुलचूर. सकाळी एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसते आणि उरलेल्या वेळात अशा तिरपागड्या विनोदी सिनेमांवर मोबाईलसमोर बडबड करते. सिनेमा सुटला की दारातच प्रेक्षकांना गाठायचं, ‘कसा वाटला?’ विचारायचं आणि ते चॅनलवर टाकायचं. बाबा म्हणतात, माझ्या तोंडाला एकदाचं काम मिळालं.

मी तणतणत पायरीवर आले, तेवढ्यात एक जण धापा टाकत वर आला. खांद्यावर तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं.

“चालू झाला का?”

“कोणता?”

“घोड्याचा.”

मी त्याच्याकडे बघितलं… म्हणजे बघतच राहिले. उंच, सावळा, कपाळावर घाम आणि डोळ्यांत त्या घोड्याची केवढी काळजी!

“आपण दोघंच आहोत. पाच लागतात म्हणे.”

“मग थांबा नं. हे धरा.” त्यानं वेटोळं सरळ माझ्या हातात दिलं आणि रस्ता ओलांडून बस थांब्याकडे गेला. परत आला तो यादोराव नावाच्या आजोबांना आणि त्यांच्या दोन पाहुण्यांना घेऊन. बस यायला वेळ होता आणि आत पंखे आहेत, एवढ्याच बोलीवर ते तयार झाले होते.

यादोराव मध्यंतरापर्यंत घोरले. नंतर जे जागे झाले ते खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. बाहेर आल्यावर मी मोबाईल पुढे केला, तर ते गंभीरपणे म्हणाले, “घोडा बरोबर होता.” बस. याहून चांगलं मत मला अजून मिळालेलं नाही.

मग मी तारवाल्याकडे वळले. मोबाईल समोर धरला आणि त्याचा चेहरा एकदम आधारकार्डावरच्या फोटोसारखा झाला.

“कसा वाटला?”

“बरा हाये.”

“बरा? आत तुम्ही एवढे हसलात की पाहुणे दचकले!”

“चांगला हाये,” तो म्हणाला आणि थांबला. मी वैतागून मोबाईल पर्समध्ये टाकला. त्याबरोबर गडी सुटला! नवरदेव जवळ आला की घोडा फक्त डावा कानच कसा मागे घेतो, घोडेवाल्याची बायको रागावली की कशी घोड्याशीच बोलते… समोरच्या टपरीवर चहाचे दोन कप संपले, तरी हा अजून सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासात होता.

“हे सगळं मघाशी का नाही बोललात?”

“ते मोबाईल पाह्यला का माहं तोंडच बंद होते जी.”

नाव संघदीप, गाव केशोरी. तिथं त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं, तार घ्यायला तो गोंदियाला यायचा. पुढच्या शुक्रवारीही त्याची तार संपली होती. त्याच्या पुढच्याही. केशोरीत एवढ्या मोटारी जळतात कशा, हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो विचारला नाही.

त्याची मतं मी ‘केशोरीचे एक प्रेक्षक म्हणतात’ असं म्हणून माझ्या तोंडून सांगायला लागले. लोकांना माझ्यापेक्षा तीच आवडायची. मधल्या दिवसांत त्याचे लांबलचक व्हॉइस मेसेज यायचे, मागे टेस्टिंगला लावलेल्या मोटारीची घरघर. सिनेमा, सिनेमा आणि सिनेमा. शेवटी मात्र तो जरा थांबायचा. मोटारीचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मग म्हणायचा, “बाकी…? बरं, ठेवतो.” त्या ‘बाकी’च्या पुढे काय आहे, या विचारानं माझी झोप उडाली. क्लासमध्ये मी एकाच पोराची फी दोनदा लिहिली, भातात मीठ विसरले आणि मोबाईल वाजला नाही तरी वाजला असं वाटायला लागलं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, दुसरं काय! आणि तोही पडला होता, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण बोलेल तर शपथ.

मी का नाही बोलले? एवढी तोंडाळ मुलगी… पण दर वेळी वाटायचं, आता बोलेलच की हा.

मग तो घडीवाल्याचा सिनेमा आला. घड्याळं दुरुस्त करणारा एक अबोल माणूस आणि दर सोमवारी तेच ते चालू घड्याळ दुरुस्तीला आणणारी एक मुलगी. तो घड्याळ उघडतो, पुसतो, बंद करतो, म्हणतो, “झालं.” शेवटी तिचं गाव सुटायची वेळ येते, ती निरोप घ्यायला येते, तो तोंड उघडतो आणि म्हणतो, “पुढच्या सोमवारी या.” संपला सिनेमा! मी हसून हसून रडले. चॅनलवर सांगितलं, हा सिनेमा एकट्यानं बघायचाच नाही, अख्ख्या गावाबरोबर बघायचा, गाव लोटपोट होईल.

संघदीपला मात्र शेवट पटला नव्हता. “बोलाले पायजे होतं त्यानं,” एवढंच म्हणाला. मी मनात म्हटलं, वा रे वा!

दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. घरोघर पाहुणे येतात, नाटक होतं आणि लग्नाच्या गोष्टीही तिथंच निघतात. बाबांनी, म्हणजे सेवकरामांनी, माझ्यापुढे एक फोटो ठेवला. भुपेंद्र नावाचा मुलगा, नोकरी चांगली, माणसंही चांगली. “रविवारी येतो म्हणतात. तू मंडईला आत्याकडे जाऊन ये, तिथून मला फोन कर. हो म्हण, नाही तर नाही म्हण. पण टांगून ठेवायचं नाही बेटा,” बाबा म्हणाले. माझी अंजनाआत्या केशोरीलाच दिलेली होती.

त्याच संध्याकाळी संघदीपचा फोन. नाटक कंपनीची तारीख मिळाली नव्हती, म्हणून युवक मंडळानं मंडईत नाटकाऐवजी घडीवाल्याचा सिनेमा पडद्यावर दाखवायचं ठरवलं होतं. सिनेमावाल्यांनी आनंदानं परवानगी दिली होती.

“ठरवलं म्हणजे, मीच सब्बन लोकायले तयार केलं. तुम्ही म्हनल्या होत्या नं, गाव लोटपोट होते म्हून.”

“अहो, ते मी बोलण्याच्या भरात म्हटलं होतं!”

“आता तं झालं. तुमाले यावंच लागते.”

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. “संघदीप, रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. मला बाबांना हो किंवा नाही सांगायचंय.”

मोटारीची घरघर… आणखी घरघर…

“बरं,” तो म्हणाला. “पडदा वीस फुटाचा सांगू का मोठा?”

मी फोन पलंगावर आदळला.

मंडईच्या दिवशी गोंदियाहून गाडीत बसले. सौंदड येईपर्यंत तीन वेळा ठरवलं, की पाहुण्यांना हो म्हणून टाकायचं. अर्जुनीला उतरेपर्यंत तीन वेळा बदललं. पुढे केशोरीपर्यंत काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसले होते, म्हणून विचार करायला जागाच मिळाली नाही.

अंधार पडता पडता शाळेच्या मैदानात अख्खं गाव सतरंज्या टाकून बसलं. संघदीप मशीनजवळ, इस्त्रीच्या शर्टात, हातात माइक. माझ्याकडे बघून मान हलवली आणि लगेच वायर तपासायला वाकला. मी बायकांमध्ये आत्याच्या शेजारी बसले.

सिनेमा सुरू झाला. घडीवाल्यानं घड्याळ उघडलं. पुसलं. बंद केलं. शांतता. गावही शांत… कोणी हसेना!

“गाना कवा येते?” मागून कोणीतरी विचारलं.

“नाटकच बरं होतं बापा!”

दोन-चार जण उठून आकाशपाळण्याकडे गेले. कोणी “संघदीप, पैसे पान्यात गेले बे!” म्हणून ओरडलं. संघदीपचा चेहरा मला पडद्याच्या उजेडात दिसत होता. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून हा माणूस सगळ्या गावासमोर उभा होता आणि मला तिथं बसवेना, उठवेना.

पडद्यावर मुलगी पुन्हा तेच घड्याळ घेऊन आली. घडीवाल्यानं उघडलं, पुसलं. “झालं.”

आणि माझी अंजनाआत्या तटकन उभी राहिली. “अरे मुर्दाडा! घडी चांगली हाये तिची! पोरगी तुह्यासाठी येऊन राहिली नं!”

आणि मग जो हशा उसळला! आमची माणसं नाटकातल्या नटाशी बोलतात, दाद देतात, झापतात, तोही स्टेजवरून उत्तर देतो. इथं तर पडद्यावरचा गडी ढिम्म ऐकत नव्हता, त्यामुळे लोक आणखीच पेटले. “बोल नं बे!” “काऊन तोंड शिवलं का तुहं?” “पोरी, तू दुसरा पाह्य, हा कामाचा नाही!” प्रत्येक ‘झालं’वर मैदान गडगडाटानं हसायला लागलं. आकाशपाळण्याकडे गेलेले धावत परत आले. माझे तर डोळेच भरून आले.

शेवटचा प्रसंग आला. मुलगी निरोप घ्यायला दारात उभी. मैदान श्वास रोखून गप्प. घडीवाल्यानं मान वर केली, तोंड उघडलं…

आणि लाइट गेली.

मंडईभर अंधार आणि एकच कालवा. “काय म्हनला? काय म्हनला तो?” माइक बॅटरीवर होता. लोक ओरडायला लागले, “संघदीप, तू पाह्यला हायेस नं? सांग नं बे, काय म्हनला?”

“सांगतो,” माइकवरून त्याचा आवाज आला. अंधारात तो मला दिसत नव्हता, आणि मी त्याला.

“तो म्हनते…” आवाज अडखळला. “तो म्हनते, घडी चांगली हाये हे मले पह्यल्या दिवशीच माहीत होतं. तरी तू येत जावं, म्हनून मी उघडून पाहात होतो. मी बोलीन अन् तू यायची बंद होशील, असं भेव लागत होतं. पन आता तं नाही बोललो तरी तू जाऊन राहिली.” तो थांबला. “दर शुक्रवारची मी वाट पाह्यतो. मले तू पायजे. तुह्या मनात असन, तं जाऊ नोको.”

सिनेमात सोमवार होता. सिनेमात यातलं एकही वाक्य नव्हतं. आणि एवढ्या गर्दीत हे फक्त मला माहीत होतं.

टाळ्या, शिट्ट्या! “आता कसं बोलला!” आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली. “असा पायजे माणूस.”

तेवढ्यात लाइट आली. मशीन सुरू झालं, आणि घडीवाला अख्ख्या गावासमोर शांतपणे म्हणाला, “पुढच्या सोमवारी या.” सिनेमा संपला.

मैदानभर एकच गिल्ला. “लबाड! यानं दुसरंच सांगतलं!” “मग ते कोन म्हनलं बे?” सगळ्यांच्या माना मशीनकडे वळल्या. संघदीप कानापर्यंत लाल झाला होता. तो माइक ठेवायला जागा शोधत होता आणि बघत मात्र माझ्याचकडे होता. त्या नजरेच्या रेषेवरून गावानं मला शोधून काढायला कितीसा वेळ लागणार! आत्यानं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. “बसून काय राहिली? उठ नं.”

मी उठले. सतरंज्यांवरून, लोकांच्या पायांतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“सिनेमात असं नव्हतं,” मी म्हटलं.

“मले माहीत हाये.”

“माइकवर सांगितलंत? एकटी होते तेव्हा काय झालं होतं?”

“अंधार नव्हता नं,” तो पुटपुटला. मग मान वर करून म्हणाला, “तुम्ही… तू काहीच नाही बोलली अजून.”

मी फोन काढला. त्याला वाटलं मी कॅमेरा लावते आहे, तो दचकून मागे सरकला. मी बाबांना फोन लावला.

“बाबा, त्या पाहुण्यांना नाही म्हणा.” मी एका दमात सांगून टाकलं. “मला केशोरीचा एक जण आवडतो. मोटारी भरतो. त्याचं नाव संघदीप.”

संघदीप खाली बसला. सरळ वायरींच्या गुंडाळ्यावर.

पलीकडे आमचं घर ऐकू येत होतं, कुकर, शेजारचा टीव्ही. मी ओठ चावत उभी. मग बाबा म्हणाले, “आहे का तो तिथं? दे त्याच्याजवळ फोन.”

मी फोन पुढे केला. त्यानं शर्टाला हात पुसून तो घेतला. “जय भीम बाबा,” म्हणाला आणि पुढे काही सुचेना. अर्धं गाव कान देऊन उभं होतं. मग त्यानं डोळे मिटले आणि बोलायला लागला. बाबा त्याला घरी कोण कोण आहे ते विचारत होते आणि हा त्यांना सांगत होता, की घडीवाल्याचा शेवट कसा चुकला, आणि मुलीच्या बापाच्या घरी जाऊन त्यानं काय बोलायला पाहिजे होतं. मी त्याच्या शेजारी गुंडाळ्यावर बसले आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.