खाली ऐकू जातं

टाकीत पाणी नव्हतं. मस्कतहून निघायच्या आधी परेशने सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करून सांगितलं होतं, की आम्ही येतोय, आमच्या लाइनचा कॉक उघडून ठेवा. ‘निश्चिंत या,’ असं म्हणून सेक्रेटरी स्वतः लग्नाला सांगलीला निघून गेले होते. विमानात आमच्या आर्याला उलटी झालेली. तिचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माझ्या हातात, आणि विरारच्या त्या फ्लॅटमधला नळ नुसता फुरफुरत होता.

२००३ सालची गोष्ट. फेब्रुवारीत बकरी ईदला जोडून आठवड्याची सुट्टी मिळाली होती. त्या आठवड्यात ओल आलेली भिंत रंगवायची होती, परेशच्या बहिणीकडे माणिकपूरला जायचं होतं, आणि एजंट गिऱ्हाईक आणणार होता त्याला फ्लॅट दाखवायचा होता. आमचे कॅनडाचे कागद झाले होते. आता इथे घर ठेवून काय करायचं, असं परेश म्हणाला होता आणि मी काहीच म्हटलं नव्हतं. आर्या पोटात असताना घेतलेलं घर. दोन वर्षांत परत येऊ म्हणून मस्कतला गेलो ते गेलोच. सलग महिनाभरसुद्धा आम्ही त्या घरात राहिलो नव्हतो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या हिल्डाबाई होत्या, हातात एक बादली पाणी आणि वेलची केळ्यांची फणी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर नंदाखालचं, तिथल्या वाडीतली केळी त्या बिल्डिंगभर वाटायच्या. मी इतकी वैतागले होते की पाणी बघून मला रडूच यायचं बाकी होतं.

“बरं झालं तुम्ही आलात,” त्या म्हणाल्या. “एक सांगायचं होतं. राग मानू नका. खुर्च्यांच्या पायांना रबर लावून घ्या. दुपारी फार घासतात.”

“कुठल्या खुर्च्या?”

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. हॉलमध्ये एक लोखंडी कॉट, गुंडाळलेली चटई आणि आमच्या बॅगा. एवढंच.

“जेवायच्या टेबलाच्या,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

“बाई, घर बंद होतं. तीन वर्षं.”

“हो, ते माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. उदाहरण सुटत नाही म्हटल्यावर फळ्याकडे बघावं तसं त्यांनी त्या रिकाम्या हॉलकडे पाहिलं आणि खाली गेल्या.

परेश म्हणाला, म्हातारपण. मी म्हटलं, बीममधून आवाज येत असेल. आमचा मजला सगळ्यात वरचा, गच्चीला कुलूप, आणि शेजारचा फ्लॅट सुरतच्या कुणीतरी घेऊन बंद ठेवलेला. पण आवाज कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. मस्कतला पाच घरं पलीकडचा टीव्ही आमच्या बाथरूममध्ये ऐकू येतो.

पुढचे दिवस तसेच गेले, म्हणजे वाया. रंगारी सकाळी येतो म्हणायचा आणि यायचा नाही. टँकर आला की मोटर बंद, मोटर सुरू झाली की लाइट जायचे. माणिकपूरला नणंदेने ‘तीन वर्षांनी येता आणि घाईत असता’ हे जेवताना, हात धुताना आणि निघताना असं तीनदा ऐकवलं. घरी आलो की मी आणि परेश एकमेकांवर डाफरायचो. आर्या कॉटवर बसून चित्रं काढायची.

एकदा मी जिना चढत होते, हातात भाजी, तर हिल्डाबाई चर्चमधून परतत होत्या.

“ज्ञानदा, तुमचं काही बिनसलंय का?” त्यांनी विचारलं. “नाही, मला काय करायचंय म्हणा. पण तुम्ही आल्यापासून सारखं भांडण ऐकू येतं. आधी किती छान होतं.”

“आधी म्हणजे कधी?”

“तुम्ही यायच्या आधी.”

मला राग आला. “आधी वर कुणीही नव्हतं, बाई. तुम्ही गणिताच्या ना? शून्य माणसं. शून्य माणसांचा आवाज कसा येईल?”

“मी आत्ता मिस्साहून येतेय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? काल दुपारी तुम्ही माणिकपूरला होतात. तेव्हाही ती छान बोलत होती.”

“ती कोण?”

 “एकदा येऊन ऐका,” त्या म्हणाल्या.

मी गेले नसते. पण दुसऱ्या दिवशी परेश आर्याला घेऊन अर्नाळ्याच्या समुद्रावर गेला आणि रंगाऱ्याची वाट बघत मी घरी थांबले. रंगारी अर्थातच आला नाही. दुपार झाली. मी कॉटवर गप्प बसले होते. रेडिओ नाही, पंखा नाही, कारण लाइट गेलेले. एवढ्यात दारावर टकटक झाली.

“आता या,” हिल्डाबाई म्हणाल्या. “आत्ता चालू आहे.”

“अहो, मी आत एकटी बसलेय! माझ्या कानावर काही नाही.”

“म्हणून तर म्हणते, या.”

एकदाचं हे प्रकरण मिटवावं म्हणून मी दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्यामागून उतरले. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे यजमान फर्डिनंड टेबलाशी बसून सुक्या बोंबलांची डोकी काढत होते. दोघं घरात आपल्या वाडीच्या बोलीत बोलायची, ती मला नीट कळत नसे. फर्डिनंडनी वर छताकडे बोट केलं आणि माझ्यासाठी म्हणून शुद्ध मराठीत सांगितलं, “आज त्यांना उशीर झाला. जेवण आत्ता चाललंय.”

मी ऐकलं.

खुर्ची मागे सरकली. ताट ठेवल्याचा आवाज आला. कढईच्या कडेवर कुणीतरी डाव आपटला, दोनदा, मसाला झटकायला. मग लहान मुलीची पावलं हॉलमधून आतल्या खोलीत धावली, भिंतीशी वळली आणि परत आली. एक बाई काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, चढउतार कळला. आन्सरिंग मशीनवर स्वतःचा आवाज ऐकला की तो परका वाटतो. हा आवाज अगदी तसाच परका होता, आणि म्हणूनच मी तो ओळखला.

पुरुषाने उत्तर दिलं. ती हसली.

मी त्या हसण्याकडे लक्ष देऊन राहिले. पोटातून आलेलं, न थांबणारं हसणं. असं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचे.

मी जिना धावत चढले. कुलूप होतं तसंच होतं. दार उघडलं तर आत ओलीचा वास, लोखंडी कॉट आणि आमच्या बॅगा. स्वयंपाकघरात ओटा कोरडा. मी जमिनीला हात लावून पाहिला. काय शोधत होते मलाच माहीत नाही.

रात्री परेशला सांगितलं. तो बराच वेळ एजंटशी फोनवर वाद घालून थकला होता.

“तुला फ्लॅट विकायचा नाही तर सरळ तसं सांग ना,” तो म्हणाला. “त्या बाईंच्या आडून कशाला?”

“मी कुणाच्या आडून बोलत नाहीये. तू उद्या खाली चल.”

“उद्या गिऱ्हाईक येणार आहे.”

“ते संध्याकाळी. दुपारी चल. काही ऐकू आलं नाही तर तू दाखवशील तिथे मी सही करते.”

या अटीवर तो आला. आर्याला घरी एकटं कसं ठेवणार, म्हणून तिलाही घेतलं. परेशने दार स्वतः बंद केलं, कुलूप स्वतः लावलं, ओढून पाहिलं. हिल्डाबाईंनी सरबत केलं होतं. परेशने ग्लास घेतला आणि माणसं उसनं हसतात तसा हसत उभा राहिला.

बराच वेळ काही नाही. फर्डिनंड पेपर वाचत होते. परेशने माझ्याकडे पाहिलं, ‘झालं समाधान?’ अशा नजरेने.

वर खुर्ची सरकली.

मग दुसरी.

परेशचं हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं, त्याच्या लक्षातच नव्हतं ते. वर एक पुरुष खाकरला. आधी लहान, मग मोठा, मग पुन्हा लहान. जेवायला बसताना परेश खाकरतो तसा. परेशचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

पावलं धावली. हॉलमधून आत, वळून परत.

आर्या माझा हात धरून वर बघत होती. घाबरली नव्हती. शेजारच्या वर्गातल्या मुली डबा खाताना दिसाव्यात तशी बघत होती.

“कोण राहतं गं वर?” तिने विचारलं. मोठ्याने विचारलं.

पावलं थांबली. बरोबर आमच्या डोक्यावर.

घर गप्प झालं. आमचंही, वरचंही. फर्डिनंडनी पेपर खाली ठेवला.

मग ती बाई बोलली. या वेळी प्रत्येक शब्द कळला.

“हळू गं. खाली ऐकू जातं.”

आणि वर कुणीतरी खुर्ची उचलली आणि अजिबात न घासता, जपून, जागेवर ठेवली.

हिल्डाबाईंनी छातीवर क्रूस काढला. “इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा,” त्या पुटपुटल्या.

आम्ही तिथेच बसून राहिलो. सरबत कुणी प्यायलं नाही. ऊन उतरल्यावर वर गेलो. घर रिकामं होतं.

एजंट गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा परेश दारातच उभा राहिला, त्याने त्यांना आत घेतलं नाही. एजंटचा चढलेला आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत येत होता. आधी सांगायचं ना साहेब, माणसं बोरिवलीहून आलीत. बराच वेळ ते चाललं. मग जिन्यात बूट वाजले आणि परेश आत आला.

“काय सांगितलंस?”

“विकायचा नाही म्हणून.”

“कारण?”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. “माणसं राहतात म्हटलं,” तो म्हणाला. मी वाद घातला नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

राहिलेले दिवस आम्ही माणिकपूरला नणंदेकडे काढले. तिला आनंद झाला, कारण मात्र तिने विचारलं नाही. निघायच्या दिवशी बॅगा न्यायला तेवढे विरारला आलो. टॅक्सी खाली हॉर्न देत होती. परेश सामान घेऊन पुढे उतरला, आर्या त्याच्यामागे. मी शेवटचं पाहून घेतलं, दार ओढलं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

एक पायरी उतरले असेन. मागे, आतून, कडी सरकली. पाहुणे जिना उतरेपर्यंत थांबून आपण घालतो तशी, त्यांना वाईट वाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने.