कोंडीमावशीच्या नावाची चिठ्ठी

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

जिच्या बाबतीत घडली ती आमची विनिता. नात्यातलीच. पळसदरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला जी वाडी आहे, तिथे अजून राहते. चांगली धडधाकट आहे. भांडायला लागली तर चार घरांपर्यंत ऐकू जातं.

तारीख होती २ नोव्हेंबर २०२३. गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा.

वाडीत ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि पत्र्याचं एक लहानसं चॅपल. फादर येतात ते रविवारी, मिस्सेची उपासना करायला. बाकीच्या संध्याकाळी वाडीतलीच एखादी बाई पुढे बसून जपमाळेची प्रार्थना सांगते. अर्धी प्रार्थना ती म्हणते. उरलेली अर्धी सगळे मिळून म्हणतात.

तीस वर्षं ती पुढची जागा कोंडीमावशीची होती.

कोंडीमावशीला अक्षरओळख नव्हती. पण सगळी जपमाळ, सगळ्या विनवण्या तोंडपाठ. गोणपाटावर बसायची, डोळे मिटायची आणि सुरू करायची. आवाज जाडाभरडा, पण ऐकणारे आपोआप डोळे मिटायचे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती गेली. मूलबाळ नव्हतं. तिची जागा विनिताला मिळाली.

विनिता बारावी शिकलेली. पुस्तक हातात धरून, एकही शब्द न चुकता प्रार्थना सांगायची. आणि रोज, अगदी रोज, बाहेर पडताना कुणीतरी बोलायचंच.

"बरं म्हनते गं. पन कोंडीमावशीची सर नाय."

विनिताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत बाईवर जळावं, तर निदान भांडता तरी येतं. मेलेल्या बाईशी काय भांडणार?

नोव्हेंबर महिना मृतांचा. घरोघरचे लोक आपापल्या मेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून चॅपलमधल्या डब्यात टाकतात. रोज मूठभर चिठ्ठ्या काढायच्या. एकेक नाव वाचायचं. प्रत्येक नावाला सगळे म्हणतात, "प्रभू, विसावा दे." महिना संपेपर्यंत डबा रिकामा होतो.

त्या गुरुवारी विनिताने डबा उघडला. सगळ्यात वरची चिठ्ठी शेजारच्या संध्याच्या अक्षरातली होती.

कोंडी.

विनिताने इकडेतिकडे पाहिलं. चिठ्ठीची बारीक घडी केली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात मागे सरकवून दिली.

मेल्यावरही हिचंच नाव आधी? बस म्हणावं वाट बघत.

असं ती मनात म्हणाली. तिनेच आम्हाला सांगितलं, म्हणून लिहितो आहोत.

दुसऱ्या दिवशी विनिता पुढे बसली. "नमो मरिये..." असं सुरू केलं.

आणि तिला वाटलं, कुणीतरी बरोबर म्हणतंय.

तिच्या अगदी किंचित पुढे...

तिचा शब्द तोंडात असतानाच लोक पुढचं म्हणायला लागत. त्यांचं अर्धं संपलं, की तिने तोंड उघडायच्या आत पुढची प्रार्थना सुरू झालेली असे. डाव्या बाजूने. जाडाभरडा आवाज.

विनिताने घाबरून तोंड मिटलं.

प्रार्थना चालूच राहिली...

समोर सगळ्यांचे डोळे मिटलेले. कुणाला काहीच वेगळं वाटत नव्हतं. आणि डाव्या बाजूला नुसती भिंत होती.

प्रार्थना संपली. विनिताने पुस्तक मिटलं. तेवढ्यात संध्या जवळ आली. तिचे डोळे भरलेले होते.

"विनिता, आज काय म्हनलीस गं! डोळं मिटलं तर वाटलं, मावशीच बसलीय."

इतर बायकाही तेच म्हणाल्या. म्हातारा धाऊबाबा, जो कधी कुणाला चांगलं म्हणत नाही, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

विनिता घरी आली. रात्रभर तळमळली. भीतीने नव्हे. मत्सराने! इतकं कौतुक झालं, पण ते तिचं नव्हतंच.

तरीही ते सोडवत नव्हतं.

तिला कळून चुकलं होतं. चिठ्ठी वाचली, की मावशीला विसावा मिळेल. मावशी जाईल. आणि मग उद्यापासून पुन्हा तेच... "मावशीची सर नाय."

तिने चिठ्ठी वाचली नाही.

चार तारखेला नाही. पाचला नाही. दहाला नाही. दुसऱ्या वाडीतले लोकही संध्याकाळी येऊन बसायला लागले. विनिता पुढे बसून नुसते ओठ हलवायची. आत जळत राहायची.

मग तिची आई, बुधी, तापाने पडली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायची. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. वीस तारखेच्या दुपारी तिने विनिताला प्रार्थना म्हणायला सांगितलं. घरात दोघीच होत्या.

विनिताने आईचा हात हातात घेतला आणि सुरुवात केली. तिच्या कानांना तिचा स्वतःचाच आवाज येत होता.

बुधीने दोन वेळा उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी ती थांबली...

"कोंडे, तू कशाला आलीस गं?"

"आये, मी हाय. विनिता."

बुधीचा चेहरा जरा उजळला. "आलीस व्हय? म्हन की मंग."

विनिताने पुन्हा सुरू केलं.

"परत तूच? जा गं कोंडे. माझ्या लेकीला म्हनू दे. तिच्या तोंडून ऐकायचंय मला."

विनिता रडत होती, म्हणत होती, पुन्हा पुन्हा म्हणत होती. बुधीने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

३० नोव्हेंबर. डब्यात शेवटच्या चिठ्ठ्या. विनिताने आईचं नाव वाचलं. सगळे म्हणाले, "प्रभू, विसावा दे." आईचं नावसुद्धा त्याच जाड्याभरड्या आवाजात लोकांपर्यंत पोचलं, हे तिला कळत होतं.

मग तिने पुस्तकाच्या मागून ती घडी काढली. उलगडली.

"कोंडी," ती म्हणाली.

कुणीच उत्तर दिलं नाही...

ती मोठ्याने म्हणाली. मग ओरडली. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या.

डाव्या बाजूचा आवाज स्वतःचं नाव घेत नव्हता.

"नुसती ओठ काय हलवतीस गं?" संध्या हळूच म्हणाली. "दे इकडं. मी वाचते."

संध्याने चिठ्ठी घेतली. आपलंच अक्षर बघून तिच्या कपाळाला आठी पडली. तिने नाव वाचलं.

"प्रभू, विसावा दे," सगळे म्हणाले.

डाव्या बाजूला कुणीतरी उसासा टाकल्यासारखं झालं. विनिताला तो स्पष्ट ऐकू आला. बस्स, तेवढंच.

मावशी गेली, हे तिला समजलं. महिन्यात पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला. आता शेवटची प्रार्थना. आता आपण म्हणू. कुणी नावं ठेवली तरी चालेल, पण आपल्या आवाजात म्हणू.

"हे आमच्या स्वर्गातील बापा..."

लोक बसून राहिले.

तिने पुन्हा सुरू केलं. स्वच्छ, खणखणीत.

धाऊबाबाने एक डोळा उघडला. "पोरी, सुरू कर की. किती येळ बसवतीस?"

"म्हनते ना मी!" हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

तेव्हापासून तसंच आहे. बाजारात भाव करते, फोनवर बोलते, नवऱ्याला, विलासला, हाका मारते. सगळं ऐकू येतं. प्रार्थना सुरू केली, की नुसते ओठ हलताना दिसतात. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. फादरांसमोर तिने सगळं कबूल केलं. त्यांनी क्षमा दिली. पण त्यानंतरची प्रार्थना तिने म्हटली, ती त्यांनाही ऐकू आली नाही.

आता संध्या पुढे बसते. विनिता शेवटच्या रांगेत.

गेल्या महिन्यात आम्ही वाडीवर गेलो होतो. प्रार्थना संपल्यावर ती आमच्याजवळ आली. हात धरून तिने विचारलं.

"तुमाला नाय ऐकू येत, ते कळलं मला. पन वर तरी जात आसंल का रं?"