कुणी नादी लावलं?

फुटलेला आरसा छातीशी धरून ती आमच्या काचेच्या दुकानात शिरली. पोहायला शिकवायची ती. केस अजून ओलेच होते.

"जपून… बोट कापेल," मी म्हटलं.

"कापलंय," ती म्हणाली आणि हसली.

मी पट्टी बांधली. जरा जास्तच वेळ लावला.

"एवढी मोठी जखम आहे?"

"जखम नाही… पट्टी नीट बसायला नको?"

त्यानंतर तिच्या घरातल्या काचा फारच फुटायला लागल्या. कधी फोटोची चौकट, कधी खिडकीचं तावदान. बाबांच्या काही लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं. तिनं आम्हाला तलावामागच्या रस्त्यावर हातात हात घेतलेलं पाहिलं आणि थेट बाबांच्या कानावर घातलं. तिच्या मते हे सगळं संगतीनं होतं; मनावर घेतलं की सुटतं.

बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. मग एका दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि मला त्या पोहायला शिकवणारीला बोलावून घ्यायला सांगितलं.

ती आली. चेहरा पांढराफटक. बाबांनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि हिरकणी घेऊन काच कापायला लागले. त्या करकरीत आवाजात, वर न बघताच त्यांनी विचारलं, "माझ्या पोरीला तुम्ही नादी लावलंत का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच उठली. माझ्यामुळे तुमच्या घरात वितुष्ट नको, मी जाते, असं काहीसं पुटपुटली. ती त्या शटरखालून वाकून गेली असती, तर परत आली नसती. मला ते दिसत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "शाळेत मैत्रिणी कुणा मुलाचं नाव काढलं की लाजायच्या. मी त्या मैत्रिणींकडे बघून लाजायचे. तेव्हा ही कुठे होती?"

बाबांचा हात चुकला. काच वाकडी तडकली.

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "आई गेल्यावर तुला इथे हत्यारांत वाढवली…"

"ताईही याच टेबलाखाली खेळली, बाबा. ती कुठे माझ्यासारखी झाली?"

बाबांनी हिरकणी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तू हे ठरवून नाही केलंस?"

"नाही. का झालं तेही मला माहीत नाही. खूप शोधलं…" मी तिच्याकडे वळले. "पण तू आत्ता गेलीस, तर तुझ्यामागे यायचं… हे मात्र मी ठरवलंय."

बाबांनी तडकलेली काच उचलून बाजूला ठेवली. आत्याशी मी बोलतो म्हणाले. काय बोलायचं ते मात्र अजून सुचत नव्हतं त्यांना. मग शटर पूर्ण वर ढकलून ते बाहेर गेले.

ती परत स्टुलावर टेकली.

"मला वाटलं होतं, आधी तूच घाबरशील."

"घाबरलेच आहे," मी म्हणाले. "तू… बस ना जरा."