तळ्यातलं कोरडं भोक

"ए लेम्पी, ग्रीस गाडीला द्यायचंय, टोपीला नाही!"

"टोपीच मधे मधे कडमडतेय, त्याला मी काय करू?" लेम्पीने आपली लाल टोपी मागे सारली आणि टोपीवर ग्रीसची बोटं झकास उमटली. तिला हटकणारा तिचा थोरला भाऊ योउनी आता पोट धरधरून हसायला लागला. हिल्ला मात्र बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलखाली आडवी पडून एकेका सांध्यात ग्रीस भरत होती. गाडी तिच्या बाबांची होती आणि उद्या सगळ्या गावाच्या पुढे हीच गाडी धावणार होती.

यंदा मुळात बर्फच उशिरा पडला. त्यामुळे नाताळची सुट्टी लागली तरी गावातल्या गाड्या आपल्या ताडपत्रीखाली झोपलेल्याच होत्या. आता कालेर्वोकाकांच्या शेडमध्ये एकच झुंबड उडाली होती. कुणी टाकीतलं शिळं पेट्रोल उपसत होतं, कुणी प्लग घासत होतं, आणि एका गाडीच्या हवा गाळायच्या डब्यात तर उंदरांनी चक्क बाळंतपण उरकलं होतं! उद्या दुपारी रेडिओवर दरवर्षीची नाताळच्या शांततेची घोषणा झाली, की सगळं गाव तळं ओलांडून पलीकडच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जाणार होतं. हिल्लाचे आजोबाही तिथेच होते. त्यांनीच टांगलेला, काच काळवंडलेला त्यांचा कंदील अजून शेडमधल्या खिळ्यावर होता. तो काढायला कुणाचा हात धजत नव्हता.

"कालेर्वो, तळ्यावरचा बर्फ मोजलास ना रे?" बाबांनी विचारलं.

"कधीच! पंधरवडा झाला. चांगला जाडजूड आहे. रणगाडा घाल, रणगाडा!" कालेर्वोकाका छाती फुगवून म्हणाले.

दुपारी मुलांनी काकांचं बर्फात भोक पाडायचं गिरमिट उचललं आणि मासे धरायला तळ्यावर पळाली. होड्या उतरवायचा जो उतार होता, त्याच्या खाली दोन्ही काठ अगदी जवळ येत. तिथे मासे हमखास लागायचे. योउनीने गिरमिट फिरवायला सुरुवात केली. बर्फाचा भुगा उडाला आणि गिरमिट खाडकन आरपार गेलं.

"आता बघा, कसं बदाबदा पाणी येतं ते!" योउनी म्हणाला.

तिघंही वाकून बघत राहिली. पाणी आलंच नाही! उलट भोकातून गार वाऱ्याची झुळूक आली आणि लेम्पीच्या टोपीचा गोंडा हलला.

"हे काय भलतंच?" हिल्ला म्हणाली. "भोक पाडलं की पाणी वर येतंच."

योउनीने गळ सोडला. दोरी सुटतच गेली, सुटतच गेली, आणि मग कुठेतरी खूप खाली 'डुबुक' झालं. लेम्पीने टोपी वर करून भोकाला कान लावला.

"आत टपटप वाजतंय," ती कुजबुजली. "आपल्या तळघरात वाजतं ना, तस्सं."

हिल्लाने वाकून भोकात पाहिलं. "योउनी, पाणी खाली गेलंय! थंडी वाढली, सगळ्यांना वीज हवी झाली, तेव्हा खालच्या धरणवाल्यांनी तळ्यातलं पाणी सोडलं असणार. बर्फ मात्र दोन्ही काठांना धरून वरच राहिलाय. हे नुसतं छप्पर आहे!"

"आणि आपण छपरावर उभे आहोत," योउनी म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"आडवे व्हा! पोटावर! आणि लांब लांब राहा!" हिल्ला ओरडली.

तिघंही सरपटत काठाला आली. लेम्पी रडत नव्हती, पण तिचे दात वाजत होते.

शेडमध्ये पोचल्या पोचल्या तिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. ऐकून कालेर्वोकाका इतके हसले की त्यांच्या हातातली कॉफी हिंदकळली.

"पाणी नाही? अरे, तळ्यात पाणी नाही तर मग मासे काय सायकली चालवतात?"

"काका, खरंच! तुम्ही येऊन बघा तरी!"

"त्याच बर्फावरून चालत आलात ना? मोडला का? नाही ना? मग झालं तर!" त्यांनी गिरमिटाचं पातं अंगठ्याने चाचपलं. "हे बघा, धार घालवलीत! दगडात घातलंत की काय?" आणि त्यांनी गिरमिट आपल्या मोटारीत टाकून मोटारीला कुलूप लावलं.

हिल्लाने बाबांची बाही ओढली. खूप ओढली, तेव्हा बाबा एकदाचे उताराखाली आले. तोवर वाऱ्याने भुरभुर बर्फ आणून भोक पार बुजवलं होतं. बाबांनी काठावर उभं राहून बुटाची टाच बर्फावर दाणदाण आपटली.

"दगड आहे, दगड! हिल्ला, तुझे आजोबा जन्मभर इथूनच गेले. रस्त्याने वळसा घालून जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही."

"पण बाबा, आजोबांच्या वेळी धरण होतं का?"

"पुरे आता. मला अजून पट्टा बसवायचाय." आणि बाबा शीळ घालत वर निघून गेले.

हिल्ला तिथेच उभी राहिली. तिला बाबांचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. आपल्याला दिसतंय, आपल्याला कळतंय, आणि आपलं कुणी ऐकत नाहीये! उद्या बाबा सगळ्यांच्या पुढे असतील. त्यांच्या मागे सामानाने लादलेली जड घसरगाडी असेल. हिल्ला किती वेळ नुसतीच बुटाने बर्फ उकरत राहिली.

"रडून काय होणार?" योउनी मागून म्हणाला.

"मी रडत नाहीये! डोळ्यांत वारा गेलाय."

"बरं, वारा तर वारा. पण पट्ट्याशिवाय गाडी चालते का गं?"

हिल्लाने झटकन मान वर केली. इंजिनाची ताकद गाडीच्या चालीपर्यंत पोचवतो तो रबरी पट्टाच. तो काढला की इंजिन नुसतं बोंबलत बसणार!

मोठी माणसं कॉफीला आत गेली, तशी तिघं शेडमध्ये शिरली. एकेका गाडीचं झाकण उघड, पट्टा काढ, शेजारचा जादा पट्टाही काढ, झाकण लाव! लेम्पी दाराशी पहाऱ्याला होती. कुणी आलं की तिने शिंकायचं ठरलं होतं, पण ती थंडीने आपली उगाचच शिंकत होती आणि दर शिंकेला दोघांचा जीव जात होता. शेवटी सगळे पट्टे हिल्लाच्या घरच्या सौनात, म्हणजे चूल पेटवून वाफ घ्यायच्या खोलीत, बाकाखाली जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर घोषणा झाली. सगळं गाव हेल्मेटं चढवून शेडपुढच्या उतारावर जमलं आणि एकच गोंधळ उडाला.

"माझा पट्टा!"

"माझा पण नाही! नाताळच्या दिवशी चोरी?"

गावातले म्हातारे आर्मसआजोबा काठी टेकत मुलांपाशी आले आणि तिघांच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले. लेम्पी टोपीत नाकापर्यंत गडप झाली. आता सगळे घरी जातील, असं हिल्लाला वाटलं. तेवढ्यात कालेर्वोकाका मोटारीतून नवा कोरा पट्टा नाचवत आले!

"घाबरू नका रे! एक आहे माझ्याकडे. पुढची गाडी तर जाऊ दे. सगळ्यांच्या मेणबत्त्या पोचल्या म्हणजे झालं!"

"मेलो!" योउनी पुटपुटला.

काकांनी पट्टा बसवला आणि इंजिन गुरगुरायला लागलं. मागची घसरगाडी पलीकडच्या शेकोटीचं सरपण, नाताळच्या जेवणाचा डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा, कॉफीची किटली आणि गावभरच्या मेणबत्त्यांनी शिगोशिग भरलेली होती. हिल्ला बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, जाऊ नका. तुमच्या पाया पडते!"

"हिल्ला, बाजूला हो. सगळे बघतायत." बाबा हेल्मेट घालायला वळले.

आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हिल्लाने वाकून गाडी आणि घसरगाडी जोडणारी खीळ उपसली. "योउनी! लेम्पी! बाजूने ढकला!"

घसरगाडी करकरली, हलली, गाडीला वळसा घालून सुटली आणि उतारावरून सुसाट खाली निघाली!

"अगं ए! काय केलंस हे!" कालेर्वोकाका ओरडले.

घसरगाडी बर्फावर गेली, घसरत घसरत पुढे गेली आणि थांबली. बर्फाला काहीच झालं नाही. ती नुसती उभी राहिली, शहाण्यासारखी.

"झालं समाधान?" बाबा लालबुंद झाले होते. हेल्मेट फेकून ते उतारावरून खाली धावले. हिल्लाला काही सुचेना. तीही धावली आणि बाबांचा पाय बर्फावर पडणार, इतक्यात तिने झेप घेऊन त्यांच्या दुसऱ्या पायाला मिठी मारली. दोघंही काठावरच्या बर्फात आपटली.

"सोड! सोड म्हणतो ना!"

"नाही सोडणार! मारा मला, पण नाही सोडणार!"

तेवढ्यात तळ्यातून आवाज आला. धुम्म! या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ सळसळत गेली आणि घसरगाडीखालचं सगळं छप्पर एकदम आत बसलं. सरपण, मांस, किटली, मेणबत्त्या, सगळं काळ्या खड्ड्यात गेलं. मग खूप खालून पाण्याचा आवाज आला.

बाबांनी त्या खड्ड्याकडे पाहिलं, मग पायाला चिकटलेल्या हिल्लाकडे पाहिलं, आणि तिला उचलून इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना.

"मी ऐकलं नाही गं," ते परत परत म्हणत होते. "तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

कालेर्वोकाका मटकन बर्फात बसले होते. "रणगाडा घाल म्हणालो होतो मी," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग उठून त्यांनी मोटारीतलं गिरमिट आणलं आणि हिल्लाच्या हातात दिलं. "यापुढे बर्फ तू मोजायचास. तू हो म्हणशील तेव्हाच गाडी निघेल."

आर्मसआजोबांनी काठीने लेम्पीची टोपी वर सारली. "शाब्बास! तिघांपुढे आम्ही सगळे म्हातारे माठ ठरलो. आता फक्त पट्टे कुठे आहेत तेवढं सांगा!"

"आमच्या सौनात, बाकाखाली," हिल्ला म्हणाली.

"सौनात?" बाबा दचकले. "अगं, ती तर मी मघाशीच पेटवून आलो!"

अख्खं गाव सौनाकडे धावलं! पट्टे जरा मऊ पडले होते, पण वाचले. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. काहींच्या डोळ्यांत ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

मग सगळे मोटारींतून रस्त्याने निघाले. तो वळसा फार लांबचा होता. सगळ्यांच्या मेणबत्त्या तळ्यात गेल्या होत्या आणि नाताळच्या दिवशी दुकान उघडं असायचा प्रश्नच नव्हता. निघताना बाबांनी शेडमधल्या खिळ्यावरचा कंदील काढला, बाहीने काच पुसली आणि हिल्लाच्या मांडीवर ठेवला.

दफनभूमीत बर्फ गुडघाभर होता. गावातल्या सगळ्यांचा मिळून तो एकच दिवा होता. तो आधी आर्मसआजोबांच्या बायकोच्या थडग्यापाशी गेला, मग बाकीच्यांकडे, आणि सगळ्यांत शेवटी आजोबांच्या दगडासमोर आला. हिल्लाने तो खाली ठेवला. बाबांनी टोपी काढली.

"बाबा," ते त्या दगडाला म्हणाले, "यंदा रस्त्याने आलोय. हिल्लाने आणलं."