चौथं चाक

ही गोष्ट २००३ सालची. मे महिना, रविवारची दुपार. जागा पुण्यातली, सहकारनगरमधल्या आमच्या बंगल्यामागची पत्र्याची शेड.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. लख्ख ऊन होतं.

जे लिहिते आहे ते घडलेलं आहे. मात्र ते लिहिताना मला लाज वाटते, हेही आधीच सांगते.

आम्ही बौद्ध. छप्पन साली माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी बारा वर्षांची होते. भूत, पिशाच, अंगारे, उतारे हे सगळं त्या दिवशी आमच्या घरातून गेलं. पुढे मी शिक्षिका झाले. लेकराला बरं नाही म्हणून देवर्षीकडे धावणाऱ्या बायकांना मी विहारात उभी राहून बोलले आहे. आता त्याच तोंडाने हे सांगायचं…

म्हणून वीस वर्षं गप्प होते. माझी नात अक्षता अशा गोष्टी आवडीने वाचते. तिला एकदा सांगितलं, तर म्हणाली, "आजी, खरं असेल तर लिही. मी टाइप करून देते."

खरं आहे.

माझे यजमान उत्तरेश्वर बनसोडे मूळचे बार्शीचे. पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. कॉलनीत बंगला बांधणारं आमच्या समाजातलं आमचं एकच घर. ते नेहमी म्हणत, "ललिता, आपलं कुंपण सरळ पाहिजे. लोक ओळंबा घेऊन बसलेत."

त्यांना एकच नाद. गाडीचा.

खडकवासल्याच्या अकादमीतला एक अधिकारी बदली होऊन गेला, तेव्हा त्याची जुनी विलायती गाडी ह्यांनी घेतली. दोन माणसांची, बुटकी, हिरवी, वरून उघडी. अंग फायबरचं. इतकी हलकी की दोन माणसं मागून उचलून तिला सरळ करत. तिच्यात बसलं की रस्ता हाताला लागेल असं वाटायचं.

तिचं सगळं काम ते घरीच करत. तांब्याचे वायसर कसबा पेठेतल्या तांबटाकडून करवून आणत. आणि ब्रेकच्या कामाला त्यांना मी लागायची.

ते काम एकट्याने होत नाही. ब्रेकच्या नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची असते. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून तिथला बारीक स्क्रू पान्याने सैल करायचा. त्याला लावलेल्या नळीतून ऑइल बाटलीत उतरतं. आमच्याकडे मुरंब्याची रिकामी बाटली असायची.

ते चाकाशी बसून म्हणायचे, "दाब." मग, "धर." मी पाय दाबून धरायची. पेडल हळूहळू खाली जायचं… पायाखालून जमीन सरकावी तसं. मग ते स्क्रू आवळायचे. पान्याने चाकावर दोनदा वाजवायचे, टक टक. मग म्हणायचे, "सोड."

त्याआधी पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत जाते, आणि ब्रेक लागत नाही. चारही चाकांना असंच; एक जरी राहिलं तरी ब्रेकचा भरवसा नाही.

ते दिसत नसत. फक्त आवाज.

२००० साली, स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी बसले होते तेव्हा, एका दुपारी आम्ही हेच काम करत होतो. फाटकाशी समोरचे आप्पासाहेब येऊन उभे राहिले. निवृत्त अधिकारी, जिभेला धार.

"बनसोडे, ही गाडी आहे की देव्हारा? नुसतीच पुसताय म्हणून विचारलं."

ह्यांचा चेहरा मला दिसला नाही. पण पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला. लगेच गाडी जॅकवरून खाली आली. "या, बसा, आप्पासाहेब. दाखवतो."

मी उतरले. ते दोघं गेले.

कॉलनीला एक चक्कर मारून गाडी उतारावरून परत आली ती थांबलीच नाही. सरळ आप्पासाहेबांच्या भिंतीवर. त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ह्यांच्या कपाळातून रक्त येत होतं.

सगळी कॉलनी जमली. कुणीतरी विचारलं, काय झालं हो?

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिनं मधेच पाय उचलला असणार."

बस्स. एवढंच.

मी काही बोलले नाही. मला खात्री नव्हती. पाय दुखत होता हे खरं. कदाचित उचललाही असेल… असं वाटत राहिलं, आणि मग तसंच आहे असं वाटायला लागलं. एका माणसाचं हाड माझ्या पायामुळे मोडलं.

महिन्याभरात आप्पासाहेबांच्या भिंतीवर पाटी लागली.

"ही भिंत म्हणजे गाडी थांबवण्याची सोय नव्हे. ब्रेक वापरावेत."

कॉलनी हसली. मला मात्र भाजी आणायला त्या पाटीसमोरूनच जावं लागायचं. मान वर करून त्या रस्त्याने मी पुन्हा गेले नाही.

ह्यांनी गाडीचं अंग, दिवा, सगळं नीट केलं. मग तिच्यावर कापड टाकलं. पुढच्या फाटकाने बाहेर जाणं सोडलं. माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलायचे. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे.

पुढच्या वर्षी एका दुपारी जेवून ते शेडमध्ये गेले. चहाला आले नाहीत. जाऊन बघते तर पुढच्या उजव्या चाकाशी टेकून बसलेले. हातात पाना. कापड तेवढ्याच कोपऱ्यात उचललेलं.

हृदय थांबलं होतं.

एकट्याने होत नाही ते काम करायला ते का बसले होते, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

आता २००३.

मुलगा अभिनव हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. मैत्रीशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिला बाबांच्या गाडीतून खडकवासल्याला न्यायचं त्याच्या मनात होतं. आधी ब्रेक. इंटरनेटवरून त्याने कागद छापून आणले होते.

"आई, तू फक्त पेडल दाब."

मी म्हटलं, माझ्या पायावर विसंबू नकोस.

"मग आप्पासाहेबांना बोलावू?"

बसले.

दुपारची वेळ. पुण्यात या वेळी कुणी कुणाकडे जात नाही. कॉलनी झोपलेली. कूलरची घरघर तेवढी.

पहिलं चाक झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. "दाब, आई… धर, आई… सोड, आई." त्याला ती टक टक ठाऊक नव्हती. वयात आल्यापासून तो या शेडमध्ये फिरकलाच नव्हता.

राहिलं पुढचं उजवं. माझ्या पायासमोरचंच. त्याने नळी लावली, बाटली ठेवली. मला वरून फक्त त्याची पाठ दिसत होती. मग तीही खाली गेली.

त्याचा मोबाइल वाजला.

थोडा वेळ काही नाही.

मग… कूलर थांबला. वीज गेली असावी. एकदम सगळं गप्प झालं.

"दाब."

मी दाबलं.

"धर."

धरलं. पेडल खाली जायला लागलं. हळूहळू… अभिनव भसकन सैल करायचा, हे तसं नव्हतं. हे जपून होतं.

मग आवाज आला.

टक टक.

"सोड."

मी सोडलं. अंगावर काटा का आला हे मला अजून कळलं नव्हतं. काहीतरी कमी होतं…

"दाब. धर."

"आई" नव्हतं.

मी समोर बघितलं. काचेतून बंगल्याच्या कडेचं अंगण दिसत होतं, अंगणाच्या टोकाला फाटक. फाटकाशी अभिनव उभा होता. पाठमोरा. कानाला मोबाइल लावून इंग्रजीत कुणाला तरी समजावत होता.

पेडल माझ्या पायाखाली खाली चाललं होतं.

टक टक.

"सोड."

मी उतरू शकले असते. हाक मारू शकले असते. विहारात भाषण करणारी बाई मी. पण मी डोळे मिटले, आणि सांगितलं जाईल तसं करत राहिले. पुन्हा, आणि पुन्हा. शेडमध्ये ह्यांच्या दाढीच्या साबणाचा वास होता, असं आता म्हणता येईल. नव्हता. कसलाही वास नव्हता. श्वासही ऐकू येत नव्हता. फक्त शब्द, आणि ती टक टक.

शेवटी…

"दाब."

"धर."

पेडल तळाला टेकलं. मी धरून ठेवलं.

टक टक झाली.

आणि मग काहीच नाही.

मी वाट बघितली. पोटरीत गोळा आला. घाम डोळ्यांत उतरला. "सोड" येईना.

पावलं वाजली. अभिनवची. "सॉरी आई, ऑफिसचा होता. चल, शेवटचं चाक…"

तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

मग म्हणाला, "हे कोणी काढलं?"

मी म्हटलं, काय आहे ते सांग.

त्याने बाटली वर धरली. या चाकाआधी त्याने ती रिकामी करून पुसून ठेवली होती. आता अर्धी भरली होती. काळंकुट्ट ऑइल. उकळून उकळून उरलेल्या चहासारखं.

"तिन्ही चाकांतून मधाच्या रंगाचं आलं," तो म्हणाला. "बाबांनी शेवटचं भरलेलं. हे मात्र कितीतरी जुनं आहे. आई, बाबांनी त्या दिवशी हे चाक केलंच नव्हतं."

मला तो दिवस आठवला. फाटकावरचे आप्पासाहेब. पाना पडल्याचा आवाज. त्यानंतर "दाब" आलंच नव्हतं. तीन चाकं झाली की चार, हे मी कधी मोजलं नव्हतं. खालून आवाज येईल तसं करायचं, एवढंच माझं काम.

मी पाय उचललाच नव्हता.

"आई, तू उतर आता. सोड ते."

मला सोडता येईना. तो खाली बसला, माझी टाच धरली, आणि हाताने पाय उचलून बाजूला ठेवला. स्क्रू घट्ट आवळलेला होता. पाना खोक्यात होता, स्वच्छ पुसलेला. अभिनव काम करताना पाना कधी पुसत नसे.

संध्याकाळी मी पुढच्या फाटकाने बाहेर पडले आणि समोर गेले. आप्पासाहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांचा एक खांदा उतरलेला होता, तो तसाच राहिला. दुपारचं काही सांगितलं नाही. जुनं ऑइल निघालं, चौथं चाक राहून गेलं होतं, एवढंच सांगितलं.

ते म्हणाले, "ठाऊक आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"भिंत समोर आली तेव्हा बनसोडे बोलले. 'चौथं राहिलं.' मी शेजारीच होतो."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

ते बोलले. तेव्हा आवाजात नेहमीची धार नव्हती. "चिडवलं मी होतं, बाई. ते बाहेर आलं असतं. पाटी लावली ती गंमत म्हणून. मग तुम्ही रोज मान खाली घालून जायला लागलात. नंतर ती काढायचीसुद्धा लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी पाटी नव्हती. खिळ्यांची भोकं राहिली.

ह्यांचा मला राग आला का? आला. पुष्कळ आला. पण कॉलनीतल्या त्या गर्दीत त्यांची चूक ठरली असती, तर ती त्यांच्या एकट्याची राहिली नसती, हेही मला कळत होतं. ओळंबा धरून बसलेले होतेच. म्हणून ती त्यांनी घरातल्या घरात माझ्याकडे सरकवली. आणि मग माझ्याकडे बघणं त्यांना झेपेना.

आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही. गेलेल्याने मागे येऊन काही मागावं, अशी सोयच आम्ही ठेवलेली नाही. मग त्या दुपारी चाकाशी कोण बसलं होतं? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विहारातही कधी बोलले नाही.

अभिनव त्या गाडीतून मैत्रीला घेऊन कधीच गेला नाही. लग्नानंतर त्याने ती नाशिकच्या एका हौशी माणसाला दिली. ब्रेक उत्तम आहेत, असं त्या माणसाने मुद्दाम फोन करून सांगितलं. अभिनव आणि मैत्री आता बाणेरला राहतात. तो स्वतःची गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच देतो, बॉनेटसुद्धा उघडत नाही. आप्पासाहेब २००९ मध्ये गेले. शेवटपर्यंत मला आधी नमस्कार तेच करायचे. आमचा बंगला पाडून तिथे सात मजले झाले. शेड होती तिथे आता पार्किंग आहे. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी राहते.

आणि ते…

दुपारी जेवून आडवी झाले, कूलर बंद झाला, की कधीकधी माझा उजवा पाय आपोआप ताठ होतो. टाच गादीत रुतते. पायाखालून काहीतरी हळूहळू खाली जातं… तळाला टेकतं.

खालून टक टक ऐकू येते.

मी श्वास धरून वाट बघते. ऐंशी वर्षांची बाई, भर दुपारी, पाय दाबून.

"सोड" अजून आलेलं नाही.