शेजारी बसून मोजणारी

पियानोच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरी रोज तिच्या शेजारी बसा. मोठ्याने मोजा. पण बोटांना हात लावायचा नाही."

मुंगीच्या आईने ते मनावर घेतलं. सहा वर्षांच्या लेकीला सगळे मुंगीच म्हणत; गोड कुठेही ठेवा, ही हजर. आई हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. सुरांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण चारपर्यंत मोजायला गळा थोडाच लागतो? कामावरून आली की ती बाकाच्या डाव्या टोकाला बसायची. "एक, दोन, तीन, चार." मुंगीचा उजवा हात शहाण्यासारखा चालायचा. डावा मात्र रुसून मांडीवर. पुन्हापुन्हा चुकलं की आईचा पारा चढायचा.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?"

मग मुंगीचा खालचा ओठ बाहेर यायचा आणि त्या दिवसाचा पियानो तिथेच आटपायचा.

एका दुपारी मुंगी आपणहून वाजवायला बसली. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. बाहेरच्या खोलीतून सूर येत होते आणि त्यांच्यासोबत मोजणंही. एक, दोन, तीन, चार. ताटली विसळून झाली, कढईही झाली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. आवाज तिचा स्वतःचाच होता, आणि तिचं तोंड बंद होतं.

तिने नळ बंद केला. बाहेर मोजणं चालूच होतं, शांत, जराही घाई नसलेलं. ती दारात पोचली आणि ते थांबलं. मुंगी एकटीच बसली होती, बाकाच्या उजव्या कडेला, अगदी अंग चोरून.

"कोण मोजत होतं गं?"

"तूच की."

रेकॉर्डिंग म्हणावं तर फोन आईच्याच खिशात होता. तिने खिडकीतून खाली पाहिलं, शेजारच्या भिंतीला कान लावला. दमलोय आपण, दुसरं काय, असं म्हणून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. जे असतं त्याची फोटोत सावली पडते आणि जे नसतं त्याची पडत नाही, हे ती रोज पेशंटना सांगायची.

पुढच्या क्लासला बाई खूश होत्या. "डावा हात काय सुधारलाय हो! तुमच्या धीराचं कौतुक आहे."

"माझ्या?"

"ती सांगते ना, आई आता मुळीच ओरडत नाही."

त्याच सकाळी बुटांच्या लेसवरून आई अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडली होती.

घरी येताना मुंगीने तिचं बोट धरलं. "आई, तू नाही बसलीस तरी चालेल. ती म्हणाली, तू दमतेस."

"ती कोण?"

"मोजणारी आई."

आई रस्त्यातच थांबली. आणि दुसऱ्याच क्षणी तिचा संताप उसळून वर आला. चालेल? कोणाला चालेल? पियानो उद्या विकता आला असता. पण पोरीचा हात आत्ता कुठे जागा होत होता. आणि आपल्याच घरात, आपल्याच लेकीशेजारून, आपण का उठायचं? रागीट तर रागीट, हिची आई मी आहे.

घरात शिरताच तिने पर्स खुर्चीवर टाकली. खोलीत संध्याकाळचं पिवळं ऊन होतं.

"बस. वाजव."

मुंगी उजव्या कडेला बसली. आई डावीकडे टेकली. बाकावरची गादी तिच्या वजनाने दबली नाही. आधीच दबलेली होती.

"सरक," आई म्हणाली. मुंगीला नव्हे.

ती तिथेच पाय रोवून बसली. मुंगीने सुरुवात केली.

"एक, दोन, तीन, चार."

आईच्या कानाशी तेच शब्द, तोच आवाज. फक्त जास्त गोड. आईने आवाज चढवला. तोही चढला. ती थांबली की तो एकटा पुढे जायचा, न दमता, न चिडता. मुंगीची मान हळूहळू त्या आवाजाकडे कलायला लागली.

धीरात आपण या मोजणारीला हरवू शकणार नाही, आईला कळून चुकलं.

"एक, दोन, बटाटा, चार!" ती ओरडली.

कानाशी "तीन" अर्धाच राहिला.

मुंगीचे हात थबकले. "आई! बटाटा काय?"

"बटाटाच. वाजव तू. एक, झाडू, तीन, टक्कल!"

मुंगी खदखदून हसली. हसता हसता वाजवू लागली, चुकत, अडखळत, पण दोन्ही हातांनी. आई घसा ताणून वाट्टेल ते मोजत राहिली. कानाशी आता काही नव्हतं. तिने लेकीला जवळ ओढलं आणि तीही मनसोक्त हसली.

दोघी हसून थांबल्या.

मग आईच्या डाव्या बाजूला कोणीतरी हसलं. कोरडं, जरासं उशिरा, मध्येच तुटलेलं.

थोडा वेळ गेला.

पुन्हा हसलं. या वेळी ते हुबेहूब आईचं होतं.