सतराच्या शेजारची ओळ

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता तीन नंबरच्या खोलीचं दार उघडलं. आतली सगळी केळी करडी पडली होती.

कोल्ड स्टोरेज वैरागच्या रस्त्यावरचं, मालक पृथ्वीराज गायके. माल परदेशी जायचा होता, विमा उतरवलेला. आता तो आठवडी बाजारातही कुणी उचलला नसता. खोलीचं तापमान ठरवणाऱ्या संगणकात कुणीतरी सतराचे तेरा केले होते.

बारा वाजता रेश्मा भडकुंबे जुळे सोलापुरात सिद्धेश्वरी बिराजदारच्या कचेरीत आली. सिद्धेश्वरी खासगी तपासाची कामं घ्यायची. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला ड्रायव्हर रावजी तिचा सहायक होता. त्यानं खुर्ची पुढे केली. रेश्मा बसली नाही.

"तिथला प्रोग्रॅम मी लिहिलाय. मुद्दाम नुकसान केलं म्हणून मालक पाच वाजता पोलिसांत माझ्या नावानं तक्रार देणार आहेत. सकाळी मी गेले तर मला बोलूसुद्धा दिलं नाही, गेटवरूनच हाकललं. एकदा असं नाव लागलं की मला काम कोण देईल, मॅडम?"

"तेरा चूक आहे?"

"केळ्याला तेराच लागतं. पण त्या खोलीतला सेन्सर चार अंश जास्त दाखवतो. सतरा सांगितलं की खरे तेरा होतात. तेरा सांगितलं की खरे नऊ. नवात केळं करपतं."

"थंडीनं करपतं?" रावजीनं विचारलं.

"करपतं, काका."

"मग सेन्सर बदलायचा की."

"मागून मागून थकले!"

"चुकून कुणी बदललं असेल," सिद्धेश्वरी म्हणाली.

"तोच तर घोळ आहे." रेश्मा खिडकीपर्यंत जाऊन परत आली. "सेटिंगची फाइल आधी यामल नावाच्या पद्धतीत होती. तिथं सगळं ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवर चालतं. एक जागा कमी पडली की तिसऱ्या खोलीचं सेटिंग दुसरीच्या नावावर. आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही! दोनदा झालं तसं. वैतागून रविवारी सगळं जेसन पद्धतीत घातलं. तिथं एक स्वल्पविराम जास्त झाला की प्रोग्रॅम बंद, भोंगा सुरू. निदान कळतं तरी. पण माणसासाठी चार शब्द लिहायची त्यात सोयच नाही. जुन्या फाइलमध्ये सतराच्या शेजारी मी सूचना लिहिली होती. ती गेली."

"शब्द सांग."

"'सेन्सर चार अंश वर दाखवतो. गुरप्पांना विचारल्याशिवाय हात लावू नये.' गुरप्पा तिथले मेकॅनिक. मी ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवणार होते, राहिलं."

"म्हंजी हुकूम चालतो, गाऱ्हाणं न्हाय," रावजी म्हणाला. "आमच्या जुन्या साहेबासारखंच."

"पासवर्ड कुणाकडे आहे?"

"तिघांकडे. मी, गुरप्पा आणि नवा मॅनेजर मंजुनाथ. एकच पासवर्ड, त्यामुळं कुणी काय केलं ते कळत नाही. मी घरूनही फाइल उघडू शकते. मालकांकडेही आहे म्हणा."

"चार झाले की!"

"मालकांना कोण मोजतं, काका?"

कोल्ड स्टोरेजला पोचल्यावर सिद्धेश्वरीनं रेश्माला गाडीतच बसवलं आणि आधी तापमानाचा आलेख मागितला. रविवार संध्याकाळपासून रेघ कुठंही तुटलेली नव्हती. सोमवारी दुपारी ती सतरावरून उतरून तेरावर आली होती.

गुरप्पा कंप्रेसरजवळ हात पुसत उभा होता.

"म्या शनवारीच अक्कलकोटला गेल्तो. भाचीचं लगीन. आज आलो तर ह्यो गोंधळ."

"मंजुनाथला सेन्सरचं सांगितलं होतं?"

"त्येला आज पयल्यांदा बघतोय. रेश्माताईला तेवढं सांगितलं हुतं, सेन्सर खोटं बोलतोय म्हणून."

"जुन्या फाइलमध्ये तुमचं नाव होतं."

"माझं?" गुरप्पा दचकला. "कशापायी? म्या कदी ती फाइल उघडली बी न्हाय."

मंजुनाथ कचेरीत होता. सतत पेनचं टोपण काढत होता, लावत होता.

"सोमवारी कामाला लागलो. त्याआधी हे गेटसुद्धा बघितलं नव्हतं, मॅडम."

"फाइल उघडली होती?"

"सोमवारी सकाळी, नुसती बघायला. सतरा होतं. शेजारी सूचना पण होती, गुरप्पांना विचारल्याशिवाय हात लावू नये म्हणून. मी कशाला लावू हात? आज बघतो तर आकडा तेरा आणि सूचना गायब. त्या बाईनं घरी बसून पुसली की."

"सोमवारीच वाचली? नक्की?"

"ह्या डोळ्यांनी. त्याआधी बघणार कुठून?"

बाहेर पृथ्वीराज मोबाइल हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. "साडेचार झाले. मी पाचला फोन लावणार. मला नाव पाहिजे, बाई."

"मिळेल."

रावजी कानाशी लागला. "ताई, पोरगीच दिसती. सूचना तिनंच पुसली."

"पुसायला आधी ती असावी लागते, रावजी."

पाचाला दहा कमी असताना सगळे संगणकाभोवती जमले. सिद्धेश्वरीनं रेश्माला आत बोलावलं.

"तीन नंबरच्या आकड्याशेजारी तुझी सूचना लिही. होती तशीच."

"प्रोग्रॅम बंद पडेल, मॅडम."

"गुरप्पा, घटकाभर मशीन थांबली तर चालेल?"

"चालंल की."

रेश्मानं ओळ लिहिली आणि फाइल साठवली. काही क्षणांत पडद्यावर लाल पट्टी आली. बाहेर भोंगा कोकलायला लागला. मंजुनाथच्या हातातलं टोपण खाली पडलं. रेश्मानं घाईनं ओळ काढली. कंप्रेसर पुन्हा घरघरू लागला.

"रविवारपासून फाइल ह्या पद्धतीत आहे," सिद्धेश्वरी म्हणाली. "सोमवारी तिच्यात सूचना असती, तर सोमवारीच भोंगा वाजला असता आणि प्रोग्रॅम बंद पडून आलेखाची रेघ तुटली असती. ती तुटलेली नाही. म्हणजे मंजुनाथनी सोमवारी सूचना वाचली नाही. तरी शब्द मात्र त्यांना पाठ आहेत."

"गुरप्पानं सांगितलं असंल," रावजी म्हणाला.

"गुरप्पांना स्वतःलाच ते शब्द ठाऊक नव्हते. शिवाय दोघं भेटले आज. रेश्मा, तू ह्यांना सांगितलंस?"

"मी यांच्याशी आजवर बोललेच नाही."

"मग राहिली जुनी फाइल. ती रविवारी गेली आणि मंजुनाथ आले सोमवारी. म्हणजे इथं येण्याआधीच ती कुणीतरी त्यांना दाखवली होती. सतरा का लिहिलंय हे त्यांना माहीत होतं. म्हणून सोमवारी दुपारी तेरा केले ते चुकून नव्हे. फाइलमध्ये सूचना दिसली नाही, तेव्हा ती पुसल्याचा आळ रेश्मावर ढकलणं सोपं वाटलं. ह्या पद्धतीत सूचना राहूच शकत नाही, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं."

मंजुनाथ पडलेलं टोपण उचलायला वाकला.

"जुनी फाइल कुणी दाखवली?"

त्यानं मान वर केली. सिद्धेश्वरीकडे नाही, पृथ्वीराजांकडे बघितलं.

"पाच वाजले, मालक," रावजी म्हणाला. "लावा की फोन. नाव मिळालं न्हवं?"

पृथ्वीराजांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "आमच्या घरातलं आहे. घरातच मिटवू."

"आणि माझं नाव?" रेश्मानं विचारलं. "सकाळपासून गावभर घेताय ते?"

पृथ्वीराज किल्ल्या उचलून तीन नंबरच्या खोलीकडे निघाले.

संध्याकाळी सात वाजेपर्यंत पोलीस ठाण्यात कुणाच्याच नावानं तक्रार आली नव्हती. मंजुनाथ कामावर होता. तीन नंबरच्या खोलीला पृथ्वीराजांनी स्वतः कुलूप घातलं होतं, आणि विम्याच्या माणसाला दाखवायची केळी अजून आतच होती.